टेबलावरचं तळं

धान पिवळं पडलं की हवेला एक वास सुटतो. फुलांचा नाही, मातीचाही नाही. कापून शेताच्या बांधीत आडव्या टाकलेल्या धानाच्या कडपा दिवसभर उन्हात तापतात, रात्री दवात भिजतात, आणि मग त्यांना पेजेसारखा मऊ, जरासा आंबूस वास येऊ लागतो. भंडाऱ्याहून लाखांदूरकडे जाताना तो एसटीच्या खिडकीतून आत येतो आणि तिकीट न काढता शेजारी बसतो. मला त्याचं फार कौतुक नाही. सारी नोकरी दवाखान्याच्या वॉर्डात काढलेल्या बाईला कुठल्याच वासाचं फार कौतुक उरत नाही. पण हा वास आला की मी खिडकी लावून घेत नाही, एवढं खरं.

यंदाही तो आला, आणि पाठोपाठ सांचीचा फोन आला. सांची माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. तिचा वाढदिवस ऐन कापणीत येतो. यंदा नऊची होईल. "आत्या, तू येजो," ती म्हणाली, "पण ते टेबल नको या वर्षी. केक बस झाला." मी बरं म्हटलं. काहून नको, ते मी विचारलं नाही.

फोन ठेवला आणि चहा टाकला. चहा उकळेस्तोवर गेल्या वर्षीची कापणी सगळी डोळ्यापुढून गेली. रडू वगैरे काही आलं नाही. मी सवयीनं लांबूनच पाहिलं. कुठे दुखतं, किती दुखतं, एवढं बघायचं आणि चेहरा साधा ठेवायचा. निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही.

टेबल म्हणजे कँडी टेबल. हे काय प्रकरण असतं ते मलाही गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या भावजयीनं, अर्चनानं, मोबाइलवर दाखवलं. एक लांब टेबल, त्यावर झालर, मागे फुगे, आणि पुढे काचेच्या बरण्यांतून रंगीत गोळ्या, चॉकलेटं, जेली. प्रत्येक बरणीत एक छोटं डाव. पोरांनी यायचं, हवं ते आपल्या हातानं घ्यायचं. सगळ्याचा एक विषय असतो, त्याला थीम म्हणतात. कोणाची राजकन्या, कोणाचं जंगल. मला तर बरण्या, ट्रे, चिमटे पाहून ड्रेसिंगची ट्रॉली आठवली. तसं बोलूनही दाखवलं. अर्चना हसली नाही. ती तेव्हा फार गंभीरपणे या टेबलाच्या मागे लागली होती.

का लागली होती, ते सांगते.

सुनीलचं, म्हणजे माझ्या भावाचं घर लाखांदूरच्या एका नव्या लेआउटमध्ये आहे. पुढे सिमेंटचा रस्ता, मागे कंपाउंडची भिंत संपली की थेट धानाच्या बांध्या. शेजारचं घर गौरीचं. मागची शेती त्यांचीच. गौरी आणि सांची एका वर्गात, एका बाकावर, आणि घरी आल्यावर एका सायकलवर. एक पायडल मारते, दुसरी मागे बसून हुकूम सोडते. गौरीची आई बाई म्हणून सोन्यासारखी. अर्चना तापानं फणफणली होती तेव्हा याच बाईनं सकाळी येऊन सांचीची वेणी घातली, दप्तर भरलं आणि तिला शाळेत धाडलं. नवं धान भरडून आलं की त्यांच्याकडून गंजभर तांदूळ येतो. मागावा लागत नाही.

आता कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पहिल्या वर्षी अर्चनानं त्या गंजात शेवयांची खीर घालून पाठवली. चांगली आटवलेली, चारोळी घातलेली. संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली, तर खाली त्यांच्या गोठ्यात गाय घमेल्यातली खीर चाटत होती. मोठ्या आवडीनं चाटत होती म्हणे. त्या दिवसापासून गंज साखर भरून जातो. साखर चालते, ती शिजवलेली नसते. तांदूळ येतो, साखर जाते, आणि दोन्ही घरांचं अगदी गोडीगुलाबीचं आहे.

आम्ही बौद्ध. ते कोण, हे सांगायची गरज नाही. आता तसं काही राहिलं नाही असं सगळेच म्हणतात, मीही चारचौघांत म्हणते. कामावर असताना सगळ्या घरच्या माणसांना याच हातांनी सुया दिल्या. सुई घेताना कोणाला उपास नव्हता, कोणाचं पोट भरलेलं नव्हतं. तेव्हा मला हसू यायचं. आता तेवढंही येत नाही.

सांचीचा सातवा वाढदिवस झाला तेव्हा अर्चनानं सगळं हातानं रांधलं होतं. पुलाव, गुलाबजाम, कोशिंबीर. घरभर तुपाचा वास. गौरी नवा फ्रॉक घालून आली, भेटवस्तू दिली, टाळ्या वाजवल्या, नाचली. आणि ताट हातात आल्यावर म्हणाली, मला भूक नाही. सांचीनं आग्रह केला, गुलाबजाम तिच्या तोंडाशी नेला, तर तिनं मान फिरवली. सात वर्षांच्या पोरीला नाचून नाचून भूक लागत नाही, हे आमच्यापैकी कोणालाच पटलं नाही. फक्त सांचीला पटायला हवं होतं. तिलाही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आईला विचारलं, "मम्मी, गौरीले आपल्या घरचं काहून आवडत नाही?"

या पोरीला काहूनचं वेडच होतं. धान काहून पिवळं होते, बगळा काहून एका पायावर उभा राहते, आत्याचं लग्न काहून नाही झालं. विचारून विचारून डोकं खायची. अर्चनानं तिला सांगितलं की गौरीचं पोट दुखत होतं. आणि मग मला फोन केला. सुनीलचं म्हणणं होतं की पोरीला एकदाचं सांगून टाकावं, आपल्यापासून आपल्या आईबाबांनी लपवलं होतं काय. त्याचंही खरं होतं. पण अर्चना फोनवर म्हणाली, "ताई, मी तिले हे नाही सांगणार. जितके दिवस ढकलता येते तितके दिवस ढकलीन. तिची एकच मैत्रीण आहे."

मी कोणाची बाजू घेतली नाही. पण माझ्या मनात एक जुनी गोष्ट येऊन बसली.

साकोलीकडच्या आमच्या गावात वाढदिवस नावाचा प्रकार नव्हता. पण मी चौथीत पहिली आले तेव्हा बाबांनी दुकानातून संत्र्याच्या गोळ्या आणल्या. त्या काळी त्या काचेच्या बरणीत सुट्या असायच्या, दुकानदार मुठीनं काढून वर्तमानपत्रात बांधून द्यायचा. मी वर्गात वाटल्या. सगळ्यांनी घेतल्या, कोणीही नाही म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला निघाले, तर शाळेमागच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या. केशरी, जिथे ज्याचा हात सुटला तिथे. मुंग्या लागल्या होत्या. मी घरी काही बोलले नाही. पण पुढच्या वर्षी बाबांनी कागदातल्या गोळ्या आणल्या. त्या सगळ्यांनी खाल्ल्या. धुऱ्यावर नुसते कागद पडले होते. म्हणजे बाबांना सांगावं लागलं नव्हतं. त्यांनी कधीतरी आपला धुरा पाहिला असेल.

तर अर्चनाचं कँडी टेबल म्हणजे हे होतं. लोकांना ती सांगत होती की रांधायला वेळ नाही, हल्ली हीच फॅशन आहे, पोरांना हेच आवडतं. केक वडशाच्या बेकरीतून यायचा होता. घरात गॅस पेटवायचा नव्हता. काहीही शिजवायचं नाही, काहीही हातानं वाढायचं नाही, सगळं कागदात. गौरी सांचीच्या वाढदिवसाला सांचीच्या टेबलावरचं काहीतरी खाईल, सांचीसमोर खाईल, आणि काहूनचा तो प्रश्न आणखी एक वर्ष पुढे जाईल. एवढंच तिला हवं होतं. मी भंडाऱ्याहून गेले ती तिला मदत करायला, पण खरं तर ते पाहायला.

थीम सांचीनं निवडली. आईनं राजकन्या दाखवली, परी दाखवली, बर्फाचा महाल दाखवला. सांची म्हणाली, तळं. झालं होतं असं, की विसर्जनानंतर शाळेनं पोरांना तळ्यावर नेऊन काठावरचा कचरा वेचायला लावला होता. गोळ्यांचे कागद, वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोल. तेव्हापासून सांचीबाई साऱ्या तळ्यांच्या मालकीण झाल्या होत्या. रस्त्यानं जाताना कोणी कागद टाकला तर थांबून त्याच्याकडे बघायची. मग टेबलावर तळं करायचं ठरलं.

तळं ऐकल्यावर मला आमचं गाव आठवलं. आमच्या गावच्या तळ्याला दोन घाट होते. एक दगडी, पायऱ्यांचा. एक नुसता मातीचा उतार. उतार आमचा. आई कापणीहून आली की अंगावरचा कुसळांचा कंड घालवायला त्या उतारानं पाण्यात उतरायची आणि मी काठावर बसून समोरच्या पायऱ्या मोजायची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पायऱ्याही उघड्या पडत आणि आमचा उतारही. मग दोन्हीकडच्या बाया सारख्याच चिखलात उभ्या राहत. हे सगळं मी सांचीला कधी सांगितलेलं नाही. तिला तळं म्हणजे बगळे, कमळं आणि कचरा वेचायची बादली.

खरेदीला मी अर्चनासोबत वडशाला गेले. तिथल्या ठोक दुकानात तिनं निळ्या मासोळीच्या आकाराच्या गोळ्या घेतल्या, हिरव्या जेलीचे बेडूक, काठावरचे गोटे म्हणून चॉकलेटचे खडे, आणि कमळांसाठी गुलाबी, कापसासारखी मऊ मिठाई. प्रत्येक पाकीट उलटंपालटं करून ती आत पाहत होती. दुकानदाराला वाटलं ती तारीख बघतेय. तो म्हणाला, माल ताजा आहे ताई. ती बघत होती की आतल्या एकेक गोळीला वेगळा कागद आहे की नाही. ज्यांना नव्हता ते पाकीट तिनं बाजूला सारलं. फार सुंदर लाल-पांढऱ्या काड्या होत्या, त्याही ठेवून दिल्या. मी पिशवी धरून उभी होते. मला बाबा आठवले, आणि राग आला. कोणाचा ते ठरवता येईना, पण चांगलाच आला.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळपासून टेबल मांडलं. खाली निळी साडी. निळ्या साड्यांची आमच्या घरात काही वानवा नाही, अर्चनानं तिच्यातली सगळ्यात तलम काढली. मधोमध आडवा आरसा, म्हणजे पाणी. त्यावर पुठ्ठ्याची कमळपानं. सुनीलनं मासे पाळायचं एक गोल काचेचं भांडं आणलं होतं, त्यात निळ्या मासोळ्या. बाजूला बरण्या, लोणच्याच्या, पण घासूनपुसून लख्ख केलेल्या. काठ कशानं करावा ते सुचत नव्हतं, तर गौरीची आई भिंतीपलीकडून म्हणाली की लोंब्या लावा, आणि आपल्या पुंजण्यातून पेंढीभर धानाच्या लोंब्या उपसून दिल्या. पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाची रचून ठेवलेली रास, मळणी होईपर्यंत ती बांधीतच उभी असते. त्या लोंब्या निळ्या साडीच्या कडेनं लावल्या आणि टेबलाला एकदम जीव आला. खोटं कशाला बोलू, मला ते तळं आवडलं.

फक्त त्या मासोळ्या कागदात असल्यानं मासोळ्यांसारख्या दिसत नव्हत्या. भांड्यात चमकत्या कागदांचा ढीग दिसत होता. सांची दोनदा म्हणाली की मोबाइलमधल्या टेबलावर असं नसतं. अर्चना म्हणाली, असंच राहू दे. सांचीनं काहून विचारलं. अर्चना म्हणाली, धूळ बसते.

दुपारी सुनील केक आणायला गेला. अर्चना डोक्यावरून न्हायला गेली. मी आतल्या खोलीत जरा आडवी झाले आणि डोळा लागला. जाग आली ती एका आवाजानं. चुरचुर, चुरचुर, कोणी वाळलं तणस, धानाचा पेंढा, तुडवावा तसा. बैठकीचं दार लोटलेलं होतं. उघडलं तर सांची खाली मांडी घालून बसली होती, शेजारी कपडे धुवायची बादली, आणि बादलीत काठोकाठ कागद. टेबलावर एकाही गोळीला कागद उरलेला नव्हता. काचेच्या भांड्यात निळ्या मासोळ्या खरोखरीच्या मासोळ्यांसारख्या एकमेकींवर पडल्या होत्या. बेडूक कमळपानांवर बसवले होते. गुलाबी कमळं उमललेली.

मी म्हटलं, हे काय केलंस गं? तिनं मान वर केली. तोंडात एक मासोळी होती, जीभ शाईत बुडवल्यासारखी निळी झाली होती.

"तळ्यात कागद नाही टाकत, आत्या," ती म्हणाली.

तेवढ्यात ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली अर्चना दारात आली. ती ओरडली नाही. टेबलाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि खाली बसली. बादलीतून एक कागद काढला, मांडीवर सरळ केला, भांड्यातली एक मासोळी त्यात ठेवली आणि दोन्ही टोकं पिळली. मग दुसरा कागद घेतला. सांची बघत राहिली. मम्मी, काहून, तिनं विचारलं. अर्चना कागद पिळत होती आणि केसांतलं पाणी त्या कागदांवर टपटप पडत होतं. मला ते बघवेना. आयुष्यभर नाही नाही ते पाहिलंय मी, पण ते बघवेना. फाटकाशी पोरांचे आवाज येऊ लागले होते. मी तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हटलं, असू दे आता, छान दिसून राहिलं. आणि ते दिसतही होतं.

पोरं आली. पोरांनी त्या टेबलाचं काय करावं ते पोरांनीच केलं. डाव कोणी वापरलं नाही. हात घातले, मुठी भरल्या, बेडकांच्या माना मोडल्या. दहा मिनिटांत सगळ्यांच्या जिभा निळ्या, आणि आरशात वाकून वाकून आपापली जीभ पाहायची चढाओढ. लेआउटमधली सगळी पोरं होती, सगळ्या घरची. बहुतेकांच्या आया सोबत नव्हत्या, म्हणून आणखी बरं चाललं होतं.

गौरी उशिरा आली, आणि या वेळी आईसोबत आली. गौरीची आई दारातच उभी राहिली, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. बसा म्हटलं तर बसली, खुर्चीच्या टोकावर. मार्गशीर्षातला गुरुवार होता, तिचा उपास होता. तो खराच असेल. तिनं टेबलाचं मनापासून कौतुक केलं, आपल्या लोंब्या ओळखल्या, सांचीच्या केसांतलं फूल नीट केलं. सांची गौरीचा हात धरून तिला टेबलापाशी घेऊन गेली. तिच्यासाठी तिनं एक डाव लपवून ठेवलं होतं. ते तिच्या हातात दिलं आणि भांडं पुढे सरकवलं.

गौरीनं आईकडे पाहिलं. तिच्या आईनं भांड्याकडे पाहिलं. त्या उघड्या मासोळ्यांकडे, मग पोरांच्या चिकट हातांकडे, मग अर्चनाकडे. अर्चना कोपऱ्यात उभी होती, साडीचा पदर दोन्ही हातांनी धरून. मला वाटलं, ही बाई आता घे म्हणेल. खरंच वाटलं. तिच्या ओठांवर आलंही असेल.

"खोकला आहे तिले," गौरीची आई म्हणाली. "पुडीत बांधून द्या. घरी खाईल थे."

"देतो ना," अर्चना म्हणाली.

तिनं वहीच्या कागदाची पुडी केली. मासोळ्या निवडून निवडून सांचीनंच त्यात भरल्या, मोठ्या मोठ्या, न तुटलेल्या. पुडी गौरीच्या फ्रॉकच्या खिशात गेली. सांची म्हणाली, खोकला बरा झाला की खाजो, आणि पुन्हा पोरांत पळाली. तिला काही वाटलं नाही. खोकल्यावर तिचा विश्वास बसला होता. अर्चनानं माझ्याकडे पाहिलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. मग केक कापला.

मी मात्र त्या पुडीच्या मागे गेले होते. मनानं. ती पुडी कुठे जाते ते मला माहीत होतं. घराच्या मागे भिंत, भिंतीपलीकडे धुरा. सांची रोज उठल्याबरोबर मागच्या दारानं जाते, बगळे मोजायला. उद्या ती जाईल आणि धुऱ्यावर तिनं निवडून दिलेल्या निळ्या मासोळ्या पडलेल्या असतील, मुंग्या लागलेल्या. मग कोणता खोकला आणि कोणती पोटदुखी सांगणार? म्हणून मी ठरवलं की तिच्याआधी उठायचं आणि त्या वेचून टाकायच्या. कचराच तर वेचायचा. सगळं आयुष्य लांबून पाहण्यात काढलं, पण त्या दिवशी मला एवढंच हवं होतं, की हा एक धुरा तरी तिला दिसू नये.

सकाळी धुकं होतं. दवानं चप्पल आणि लुगड्याची कड भिजली. धुऱ्यावरचं गवत मी पायानं सारत सारत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काही नव्हतं. परत फिरून पुन्हा पाहिलं. भिंतीच्या कडेला पाहिलं, गोठ्यामागच्या उकिरड्याशी पाहिलं, गाईच्या घमेल्यात पाहिलं. कुठे काही नव्हतं. बांधीत फक्त पुंजणी उभी, आणि त्यांचा तो आंबूस वास. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी पुन्हा गवत सारू लागले.

मग पुंजण्यामागून एक आवाज आला. दातांखाली काहीतरी फुटल्याचा. मी वळसा घालून गेले. पुंजण्याला पाठ टेकून गौरी बसली होती, थंडीनं आखडलेली, फ्रॉकवर आईचं स्वेटर. मांडीवर वहीच्या कागदाची ती पुडी उघडी. खोकला नव्हता, कसला काही नव्हता. ती एकेक मासोळी शेपटीकडून खात होती. मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्याशेजारी तणसावर बसले. थोड्या वेळानं तिनं एक मासोळी माझ्यापुढे धरली. मी घेतली आणि खाल्ली. फार काही चव नव्हती तिला, साखर आणि रंग.

मागच्या दाराची कडी वाजली. सांची आली, झोपेतून उठलेली, अनवाणी. गौरीला पाहून तिचे डोळे एवढे मोठे झाले. खोकला बरा झाला का, तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आपली जीभ बाहेर काढली. कालची निळाई अजून थोडी उरली होती. गौरीनंही जीभ काढली. तिची गर्द निळी. मग दोघी हसायला लागल्या, पुंजण्याला धरून, पोट धरून. सांचीनं पुडीतली एक मासोळी घेतली. मला वाटलं, चला, झालं. उशिरा का होईना, आडोशाला का होईना, पण खाल्लं की नाही पोरीनं? अर्चनाला आता जाऊन सांगावं. मी उठायला लागले.

"गौरी, काय करून राहिली वं तिकडे?" गोठ्यातून तिच्या आईनं विचारलं.

गौरीनं तोंड मिटलं. ओठ आत ओढून घट्ट मिटलं, पुडी चुरगळून तणसात खुपसली आणि सांचीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

सांची हसत होती ती थांबली. तिनं गौरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग गोठ्याकडे, मग तणसातून वर आलेल्या त्या कागदाच्या टोकाकडे. आणि तिनंही आपलं तोंड मिटलं. काहून, ते तिनं विचारलं नाही.